मेजरांचा कूलर

खोली बघायला गेले तेव्हा मेजर पहिलं वाक्य बोलले ते असं: "हात दाखवा."

मी नुकतीच पशुवैद्यकीची पदवी घेऊन शेलूबाजारच्या दवाखान्यात रुजू झाले होते. साताऱ्याकडची मुलगी, वऱ्हाडात पहिल्यांदाच पाय ठेवलेला. भाडं किती, पाणी किती वाजता येतं, फाटकाला कुलूप कधी लागतं, असे प्रश्न बसमध्ये पाठ करून आले होते. हात दाखवायची तयारी काही केली नव्हती. तरी मी दोन्ही तळवे पुढे केले. मेजरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, तळवे बघितले, पालथे करून बघितले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "चालते. घाम नाही सुटत."

आतून मावशींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "भविष्य पाहून राह्यले काय तिचं?"

भविष्य नव्हे, घामच. ज्याच्या तळव्याला घाम सुटतो तो माणूस त्या घरात बसू शकत होता, जेवू शकत होता, पण मधल्या खोलीत त्याला प्रवेश नव्हता. मधल्या खोलीत तबकड्या होत्या. ग्रामोफोनवर लावायच्या, काळ्या, ताटाएवढ्या, हजाराच्या घरात. त्यात सिनेमाचं एक गाणं नाही, भजन नाही, लावणी नाही. सगळं जॅझ. मंगरूळपीर तालुक्यातल्या, हायवेच्या कडेला वसलेल्या, जीपगाड्यांच्या हॉर्नवर जागं होणाऱ्या गावात हा माणूस अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत कपाटं भरून घेऊन बसला होता, आणि त्यात आपण काही वेगळं करतो आहोत असं त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

आठवडाभराने त्यांना माझ्या कामाचं स्वरूप नीट कळलं. गाईची गर्भतपासणी कशी करतात ते मी जेवताना सांगून बसले. दुसऱ्या दिवशी न्हाणीत माझ्यासाठी वेगळा साबण, वेगळा मग्गा आणि वेगळा पंचा आला. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "तुमचं काम मोठं हाय. पन मधल्या खोलीत येतानी कोपरापर्यंत धुऊन या."

मेजर म्हणजे मेजर नव्हेत. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण फौजेतून सहीसलामत परत आलेला प्रत्येक जण गावाच्या हिशेबी मेजरच असतो. बंदूक त्यांनी नोकरीपुरती धरली. त्यांचं खरं काम पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्याचं. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी ते वाद्य पेटीत घातलं ते घातलंच. गावातल्या लग्नाच्या बँडवाल्यांनी किती मिनतवाऱ्या केल्या. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "वाजवणारे लय हायेत. ऐकणाराची भर्ती कमी पडून राह्यली."

तर ही भरती झालेली तबकड्यांची पलटण मधल्या खोलीत सावधान उभी असे. उभी हा शब्द मी सैल वापरत नाही. तबकडी आडवी ठेवली की दबते, तिरकी टेकली की वाकते, म्हणून प्रत्येक कप्प्यात लाकडी पाचर ठोकून त्यांनी सगळ्यांना ताठ धरलं होतं. गावच्या पोस्टमनलाही पार्सल काखेत न धरता छातीशी उभं धरायची कवायत दिलेली होती. बिचारा दारात आला की सलाम ठोकावा की पार्सल द्यावं या गोंधळात पडायचा.

पण वऱ्हाडातल्या तबकडीचा खरा वैरी म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, आणि त्या घराला टिनपत्रे. तेव्हा घरात एकच कूलर होता, लोखंडी कपाटाएवढा, आणि तो मधल्या खोलीत होता. नवरा-बायको अंगणात बाज टाकून झोपायचे. मावशी दर उन्हाळ्यात, दर पाहुण्याला, एकाच चालीत सांगायच्या, "चाळीस वर्सं झाले लग्नाले. त्या काया तव्याईले कूलर अन् मले सुपाचा वारा."

वीज गेली की मजा असे. मेजरांकडे लहानसा जनरेटर होता, एका फौजी दोस्ताकडून आणलेला. जेवता जेवता पंखा थांबला की मेजर उष्ट्या हाताने नाही, हात धुऊन, पुसून, परसात जात आणि दोरी ओढत. घरघर सुरू होई. दिवे बंद, पंखा बंद, मावशींचा फ्रिज बंद, आम्ही घामाने निथळत भाकरी मोडतोय, आणि मधल्या खोलीत हजार तबकड्यांवरून गार वारं वाहतंय. फ्रिजमधलं दूध किती वेळा नासलं याची गणती मावशींनी सोडून दिली होती.

गावातल्या चार-सहा म्हाताऱ्यांनी यावर आपला मार्ग काढला होता. दुपारी ते मधल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, दाराच्या फटीतून जो गारवा पाझरेल तो अंगावर घेत बसत. मेजर हाकलत नसत, पण फुकटही बसू देत नसत. बसायचं तर ऐकायचं. आणि ऐकायचं तर त्यांच्या पद्धतीने. आपल्या लोकांचा हात ठेक्यावर आपोआप पहिल्या मात्रेला पडतो. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. मेजरांचा जीव इथे अडकलेला. मी चुकले की तबकडी थांबवायचे. "डॉक्टरीणबाई, तुमी पयल्यावर टाळी देऊन राह्यल्या. पयल्यावर त कोनीबी देते." दुसऱ्यावर देणारा माणूस थांबतो, वाट बघतो, मग देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे वाक्य ते पुढे कुठेही वापरत. सरपंचाने भाषणात घाई केली तरी, मावशींनी वरणाला लवकर फोडणी घातली तरी. निरक्षर असलेले ते म्हातारे मात्र सहा महिन्यांत दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर असे बसले होते की कॉलेज शिकलेल्या मला त्यांच्याकडे बघून हात हलवावा लागे.

वादकांची खरी नावं ते कुणाला सांगत नसत. नाव ऐकलं की माणूस गाणं ऐकायचं सोडून मान डोलवतो, हे त्यांचं मत. त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. एक जाडा तुतारीवाला होता, हसल्यासारखा वाजवायचा, तो मामा. एक सॅक्सोफोनवाला एकदा बोलायला लागला की थांबायचाच नाही, तो दलाल. पियानोवर मोजून तीन बोटं टाकणारा कंजूष गृहस्थ म्हणजे सासरा. उंबऱ्यावरचे म्हातारे फर्माईश करत, "मेजर, आज सासरा लावा," आणि आतून मावशी म्हणत, "मेलेला बरा, जिता असता त कूलर त्यानंबी मागतला असता."

तबकड्या कुठून कुठून येत. कोलकात्याचा एक वृद्ध संग्राहक दर दिवाळीला घरच्या तुरीच्या डाळीच्या बदल्यात एक तबकडी पाठवी. एक तर त्यांनी पोहरादेवीच्या यात्रेत मिळवली. तिथे एका खेळणीवाल्याने फिरत्या चाकावर काळी तबकडी बसवून तिच्यावर प्लॅस्टिकची माकडं नाचवली होती. मेजरांनी गर्दीत वाकून, माकडांच्या पायांतून, तबकडीवरचं लेबल वाचलं. मग त्या गर्दीच्या रेट्यात, गाडीची वेळ टळेपर्यंत, खेळणीवाल्याशेजारी बसून राहिले. खेळणीवाला म्हणे, माझा धंदा हिच्यावर फिरतो, देणार नाही. मेजर उठले, मावशींनी शिदोरीला आणलेलं लग्नातलं नाव घातलेलं स्टीलचं ताट रिकामं केलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "तुले गोलच पायजे ना? हे गोल हाय." माकडं ताटावर गेली आणि तबकडी मेजरांच्या छातीशी उभी होऊन घरी आली. ताटाचा विषय निघाला की मावशी अजून उठून आत जातात.

या संग्रहात जुन्या, पहिल्या छपाईच्या तबकड्या होत्या तशा नव्याने पुन्हा छापलेल्याही होत्या. त्यांना मेजर फरदड म्हणत. कापसाची खरी वेचणी झाल्यावर पऱ्हाटी उपटायची सोडून पाणी देऊन पुन्हा बोंडं घेतात ती फरदड. "फरदडीचाबी कापूसच अस्ते," ते सांगत, "अंगाले तेवढाच गरम लागते. पन धागा आखूड." फरदडी वेगळ्या कप्प्यात, दाराजवळ. कूलरच्या थेट वाऱ्यात पहिल्या पिकाचा मान.

आणि त्या मानकऱ्यांतली पहिली म्हणजे एक क्लॅरिनेटची तबकडी. तरुणपणी पचमढीला बँडचं शिक्षण घेताना एक गोव्याचे म्हातारे उस्ताद होते. त्यांनी एका रविवारी मेजरांना खोलीवर बोलावून ही ऐकवली आणि निवृत्त होताना देऊनही टाकली. ती ऐकल्यावर काय झालं असं मी एकदा विचारलं. मेजरांनी कप्प्याची पाचर चाचपली. मग म्हणाले, "पलटणीत पाय चुकला का सजा. अथी सगळे एकाच गावाले जाऊन राह्यले, पन जो थो आपल्या वाटेनं. कोनी कोनाले अडवत नाही, अन् कोनी मागं राहत नाही." पाचर पुन्हा बसवत आणखी बोलले. "आमचे आजोबा लग्नात वाजवत. मांडवाच्या बाहेर बसून. पंगत उठली का उरलं ते भेटे. अन् मले उस्तादानं सांगतलं, हे वाजवणारेबी हॉटेलात मागच्या दारानं जात, रांधायच्या खोलीतून. मंग मी म्हनलं, हे त आपलेच लोक हायेत." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या खाली ग्रामोफोन होता. मी ती दोन्ही एकत्र बघायला त्या दिवशी शिकले.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. पावसाळ्याआधी गुरांना घटसर्प, इकडच्या भाषेत घटसर, आणि फऱ्या या रोगांची लस टोचायची असते. घटसर म्हणजे सकाळी चरणारा बैल संध्याकाळी घसा सुजून, श्वास कोंडून आडवा पडतो. आदल्या वर्षी धनजकडे साथ आली तेव्हा मदतीला म्हणून मी गेले होते. एका गोठ्यात जोडीतला एक बैल पडला होता आणि दुसरा त्याच्याजवळ नुसता उभा होता. पेरणी तोंडावर आलेली. त्या घरातल्या बाईने मला विचारलं, "आता याचं काय करू, एकट्याचं?" म्हणून यंदा माझ्या हद्दीतल्या गावांची लस मी भांडून लवकर मागवली होती. ती एका गुरुवारी सकाळी आली आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं.

हायवेच्या कडेचे विजेचे खांब ओळीने आडवे झाले. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. वर गेली की पाण्याच्या किमतीची. दवाखान्याचा फ्रिज बंद, बर्फ एका रात्रीत विरघळत आलेला. सकाळी मी मंगरूळपीरला फोन केला, तिथेही अंधार. वाशिमला केला, तिथलं शीतगृह कसंबसं चालू, पण जागा नाही. बर्फाचा कारखाना विजेवाचून बंद, आणि बर्फाशिवाय लस गावोगाव नेऊन टोचायचीही सोय नाही. वीज यायला चार-पाच दिवस लागतील असं लाइनमन सांगून गेला. मी लसीच्या पेट्या घेऊन घरी आले आणि ओसरीवर बसले.

मेजर परसातून आले. कूलर जनरेटरवर घरघरत होता. "किती डिग्री लागते?" त्यांनी विचारलं.

"दोन ते आठ."

"वर गेली त?"

"फेकायची."

"नवी कवा येईन?"

"येईल. पण पाऊस पडून गेल्यावर."

मी काही मागितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मागत होते, आणि तोंड उघडायची हिंमत नव्हती. त्या तबकड्या म्हणजे काय हे मला त्या घरात सगळ्यात चांगलं माहीत होतं. मेजरांनी मधल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. मग मावशींचा फ्रिज ओढून त्याची पिन जनरेटरला लावली. जनरेटर गचकला आणि बंद पडला. पुन्हा ओढला, पुन्हा बंद. दोघांचा भार त्याला पेलत नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यांनी कूलरची पिन स्वतःच्या हाताने काढली आणि वायर गुंडाळून खुंटीला अडकवली. "फौजेत एका टायमाले एकच हुकूम अस्ते," ते म्हणाले. दोरी ओढली. फ्रिज सुरू झाला.

मावशींनी फ्रिज रिकामा केला, आतून पुसला, आणि पेट्या आत जाताना बघत म्हणाल्या, "चाळीस वर्सं माह्यं दूध नासलं. चला, ढोराईच्या नशिबानं का होईना, जनरेटरनं फ्रिजचं तोंड पाह्यलं."

त्यानंतरच्या पाच दिवसांत मी जे बघितलं ते कुणाला सांगून पटत नाही. मेजरांचं सगळं वेड त्या फ्रिजवर येऊन बसलं. समोर खुर्ची टाकली. माझा थर्मामीटर ताब्यात घेतला. भिंतीवर खडूने रकाने आखून दर तासाला आकडा. फ्रिजच्या मुठीला सुतळी, ती फक्त तेच सोडणार. उंबऱ्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी दोघं आळीपाळीने हायवेवरून पेट्रोल आणत, तिसरा जनरेटरवर ओलं गोणपाट धरून बसे. एकदा पारा साडेसातवर गेला तेव्हा मेजरांनी मावशींना स्वयंपाक अंगणात करायला लावला, चुलीची धग फ्रिजला लागते म्हणून. मावशींनीही तवा उचलून भाकऱ्या बाहेर नेल्या. मधल्या खोलीच्या दाराला मेजरांनी पहिल्या दिवशीच ओलं गोणपाट टांगलं होतं. "वाकतील का?" मी विचारलं. "उभ्या हायेत," ते म्हणाले. "उभं असलेलं लवकर वाकत नाही." आणि पुन्हा खडू घेतला.

सहाव्या दिवशी पहाटे वीज आली, बाहेरगावाहून बर्फही आला. लस पाचाच्या आसपास, भिंतीवरच्या रकान्यांसह, शाबूत होती. त्याच सकाळपासून आम्ही गावोगाव टोचणी सुरू केली. पहिल्या शिबिराला मेजर स्वतः आले. माझी सुई कातडीत कोणत्या कोनात शिरते ते ग्रामोफोनची सुई बघावी तसं वाकून बघितलं, मान हलवली आणि परत गेले. पुढच्या दहा दिवसांत शेवटची कुपी संपली. त्या पावसाळ्यात माझ्या गावांत घटसरीने एकही बैल पडला नाही. माझ्या नोकरीत मी अभिमानाने सांगावं असं फार नाही, पण हे आहे.

पण त्या पहिल्या शिबिराच्या संध्याकाळचं राहिलं. मी घरी आले, कोपरापर्यंत हात धुतले. मेजर गोणपाट बाजूला करून मधल्या खोलीत शिरले, मागोमाग मी. कप्प्यांतल्या तबकड्या ताठ होत्या. मग त्यांचं लक्ष ग्रामोफोनकडे गेलं आणि ते थांबले. वादळ आलं तेव्हा ते क्लॅरिनेटची तबकडी ऐकत होते. वीज गेली, ती तशीच चक्रावर थांबली; अंधारात हात नको, सकाळी उचलू म्हणून त्यांनी ती ठेवली, आणि सकाळी माझ्या पेट्या आल्या. छतात उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा होता, त्यावर बाराही महिने पोतं बांधलेलं असे. ते पोतं वादळाने उडवून नेलं होतं. रोज दुपारी ऊन सरळ तिच्यावर पडलं होतं. भाजायला टाकलेल्या पापडाची कड उचलते तशी ती एका बाजूने उचलली होती.

आयुष्यात कधी तबकडी चक्रावर न विसरलेला हा माणूस विसरला होता. का विसरला हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी रडले. मेजरांनी मला पंचा दिला. "डोळे पुसलेले हात हिले लावू नका," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी तिला कडेने धरून उचललं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

ते कुणाला काही बोलले नाहीत. मावशी बोलल्या. त्यांनी विहिरीवर सांगितलं, दळणाच्या गिरणीवर सांगितलं, बाजारात सांगितलं. आठ दिवसांनी एक शेतकरी दारात आला. खांद्यावर दुपट्टा, दुपट्ट्यात गुंडाळलेली तबकडी. "जय भीम मेजर. तुमची वाकली म्हनते, आमच्या ढोराईपायी. हे घ्या. सरळ हाय." तबकडी जुन्या सिनेमातल्या गाण्यांची होती. मागे एकदा एका पाहुण्याने सिनेमाची तबकडी लावा म्हटल्यावर मेजरांनी त्याच्या चपला त्याच्यासमोर आणून ठेवल्या होत्या.

मेजरांनी हात धुतले. तबकडी उभी धरून घेतली, रिठ्याच्या पाण्याने पुसली, त्या माणसाला उंबऱ्याच्या आत बसवलं, तळवे न तपासता, आणि दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या.

मग रीघच लागली. आमच्या गावांत वाटीभर पीठ नेलं तर पीठच परत येतं, आणि वाटी शिगेला भरून येतं. त्या हिशेबाने तबकडीच्या बदल्यात तबकडी. माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या, मेलेल्या आजोबांच्या. कीर्तनं आली, कव्वाल्या आल्या, भीमगीतं आली, लग्नात आहेर आलेल्या आरत्या आल्या. एका म्हातारीने आणलेली तबकडी इंग्रजी शिकवणारी निघाली. हे टेबल आहे, ती खुर्ची आहे, असं एक साहेब वीस मिनिटं सांगत होता. मेजर आणि म्हातारी दोघांनी ती मांडी घालून शेवटपर्यंत ऐकली. म्हातारी जाताना म्हणाली, "आवाज बरा हाय त्याचा."

दिवाळीपर्यंत तीसेक जमल्या. मी त्यांना विचारलं, "यात जॅझ किती?"

"एकबी नाही."

"मग ठेवता कशाला?"

"वापस आलेलं पीठ कोनी चाळून घेते काय, डॉक्टरीणबाई?" त्यांनी सुताराकडून नवा कप्पा करून घेतला आणि तो कूलरच्या वाऱ्यात बसवला. त्यासाठी फरदडी आणखी दाराकडे सरकल्या. कूलरही आता जनरेटरचा एकटा मालक राहिला नव्हता. सकाळ-संध्याकाळ फ्रिज, दुपारी कूलर, असा मावशींनी तह करून घेतला होता.

वाकलेल्या तबकडीवर सल्ल्यांचा पाऊस पडला. सोयाबीनच्या पोत्यांखाली दाबा, दोन काचांत घालून उन्हात ठेवा, इस्त्री फिरवा. मेजरांनी सगळं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. एक दिवस त्यांनी ती चक्रावर ठेवली, सुईच्या दांडीवर वजनाला एक रुपया चिकटवला आणि लावली. सुई दर फेऱ्याला टेकडी चढायची आणि उतरायची. क्लॅरिनेट उतारावर खाली झुकायचं, पुन्हा वर यायचं. ऐकवत नव्हतं. मेजर डोळे मिटून बसले होते.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. लग्न झालं, मुलं झाली, पण ती तबकडी माझ्या मनातून गेली नाही. कर्ज नव्हतं ते, पण टोचत होतं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका दुकानात मला तीच सापडली, नव्याने छापलेली, कोरी, झिलईदार. ती छातीशी उभी धरून मी शेलूबाजारला गेले. मेजर थकलेत आता. पण उठून हात धुतले, चष्मा लावून लेबल वाचलं, आणि दोन्ही बाजू ऐकल्या. मावशीही येऊन बसल्या.

"मस्त हाय," ते म्हणाले. "साफ हाय." मग ती पाकिटात घालून माझ्याच हातात दिली.

मी म्हटलं, "तुमच्यासाठी आणलीय. ती वाकलेली किती दिवस ऐकणार?"

"डॉक्टरीणबाई, त्या पाच दिवसांत मी एकबी तबकडी ऐकली नाही. अन् मले आठवनबी आली नाही. ह्या वयात समजलं, का माह्या जिवाले याच्याबिगर दुसरंबी काही लागते." त्यांनी वाकलेलीवर हात ठेवला. "ही जगात हजारो लोकाईजवळ असन. पन आपल्या उन्हानं वाकवलेली एकच हाय. ते पुन्याच्या कंपनीले छापता येत नाही."

म्हणून ती कोरी तबकडी आता माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी, हात धुऊन, मी ती लावते. वादन निर्दोष आहे, आवाज स्वच्छ आहे. फक्त क्लॅरिनेट जिथे झुकायला हवं तिथे ते सरळ पुढे निघून जातं, आणि दर वेळी मला वाटतं, या वाजवणाऱ्या लोकांना त्या उन्हाळ्यातलं काहीच माहीत नाही.